कौल गाण्याचा की गल्ल्याचा?

लोणावळ्याच्या थंड हवेत काही वर्षे एक घर उभे राहत असे. ‘बिग बॉस’ या दूरचित्रवाणीवरील खेळाच्या हिंदी आवृत्तीचे बहुतेक हंगाम २००६ ते २०१८ या काळात लोणावळ्यातील अशाच बंदिस्त घरात रंगले. मराठी आवृत्तीचा २०१८ मधील पहिला हंगामही तेथेच झाला. घरातून कोणी बाहेर पडावे आणि कोणी राहावे, याविषयी देशभरच्या प्रेक्षकांकडून मते मागविली जात आणि त्या मतांना ‘जनतेचा कौल’ असे भारदस्त नाव दिले जाई.

याच मावळ तालुक्यात, बऊर गावाजवळ, ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनी, शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले होते. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. पाणी कोणी न्यावे आणि कसे न्यावे, याविषयी मावळच्या शेतकऱ्याचे मत कोणत्याही दूरध्वनी क्रमांकावर मागविण्यात आले नव्हते. ज्या प्रश्नावर कौल घ्यायला हवा तेथे बंदूक पुढे करायची आणि जेथे कौलाला काडीचाही अर्थ नाही तेथे मतपेटी सजवायची, ही या व्यवस्थेची रीतच आहे.

तथापि या रीतीची खरी तालीम घरातल्या भांडणांवर झालेली नाही. ती झाली गाण्याच्या स्पर्धांवर. गाणे ही माणसाच्या अगदी जवळची वस्तू आहे. आपल्या गावचा, आपल्या बोलीचा, आपल्या डोंगरापलीकडचा कोणी गाऊ लागला की काळीज हलते. या हललेल्या काळजाचे नाणे कसे पाडायचे, हे भांडवलाने गेल्या काही दशकांत नीट शिकून घेतले आहे. गाण्याच्या स्पर्धांतील शेजाऱ्यांचे मतदान हा विषय करमणुकीच्या पुरवणीवर सोडून देणे म्हणूनच परवडणारे नाही.

स्वतःला मत नाही, हा नियम

शेजारी शेजाऱ्याला मत देतो, ही तक्रार सर्वांत जुनी आहे ती युरोपात. युरोपीय प्रसारण संघाची स्थापना १९५० मध्ये झाली आणि त्याने २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ‘युरोव्हिजन’ ही गाण्याची स्पर्धा प्रथम भरविली. त्या वर्षी सात देश होते. पुढे देश वाढत गेले, गुणांच्या पद्धती बदलत गेल्या आणि १९७५ पासून प्रत्येक देशाने आपल्या पहिल्या पसंतीस बारा गुण देण्याची चाल पडली. प्रारंभीची बहुतेक वर्षे परीक्षक मंडळेच निर्णय करीत. १९९७ मध्ये पाच देशांत सामान्य प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देण्याची मुभा मिळाली आणि पुढच्याच वर्षापासून ती पद्धत सर्वत्र पसरली.

तेव्हापासून ओरड वाढली. ग्रीस सायप्रसला बारा गुण देतो, सायप्रस ग्रीसला देतो. उत्तरेकडील देश एकमेकांना सांभाळतात. युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले, त्या तुकड्यांनी एकमेकांचे रक्त सांडले, आणि तरीही गाण्याच्या रात्री ते एकमेकांना गुण देतात. पश्चिम युरोपातील पत्रकारांनी यावर मनसोक्त थट्टा केली. पूर्वेकडच्या लोकांना गाणे कळत नाही, त्यांना केवळ भाऊबंदकी कळते, असा त्या थट्टेचा सूर होता.

या थट्टेत एक वस्तुस्थिती दडपली जाते. एका भाषेची, एका वाद्याची, एका तालाची माणसे राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून परकी होत नाहीत. बेलग्रेडच्या कामगाराला सारायेव्होचे गाणे आवडते, कारण ते त्याच्या कानांच्या ओळखीचे असते. राज्यकर्त्यांनी आखलेली सीमा कानांनी मान्य केली नाही, तर दोष कानांचा कसा?

जर्मनीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. जर्मनीच्या कारखान्यांत राबण्यासाठी १९६० च्या दशकात तुर्कस्तानातून लक्षावधी मजूर आणण्यात आले. ‘पाहुणे कामगार’ या गोड नावाखाली त्यांना नागरिकत्वापासून दूर ठेवण्यात आले. तेथला वंशावर आधारलेला नागरिकत्वाचा कायदा २००० साली सैल होईपर्यंत, त्या मातीत जन्मलेली त्यांची मुलेही बहुतांशी परकीच राहिली. पण युरोव्हिजनचे मत देण्यासाठी पारपत्र लागत नव्हते. हाती दूरध्वनी असला की पुरे होते. प्रेक्षकांचे मतदान सुरू झाल्यावर जर्मनीकडून तुर्कस्तानच्या गाण्याला अनेकदा भरघोस गुण मिळू लागले. ज्या माणसाला त्या देशाच्या संसदेसाठी मत देता येत नव्हते, त्याने गाण्यासाठी मत दिले. याला भाऊबंदकी म्हणणाऱ्यांनी आधी त्या माणसाला नागरिकत्व का मिळाले नव्हते, हे सांगावे.

युरोव्हिजनला गौरवण्याचे कारण नाही. तेथेही राज्यसत्ता शिरली. २००९ मध्ये अझरबैजानातून आर्मेनियाच्या गाण्याला केवळ ४३ मते गेली होती; त्या मतदारांपैकी एकाला सुरक्षा यंत्रणेने बोलावून जाब विचारल्याचे उघडकीस आले. तेथेही पैसा शिरला. एकाच दूरध्वनीवरून वीस मते देण्याची सोय होती आणि प्रत्येक मताचे दाम पडत होते. २०२५ च्या स्पर्धेत इस्रायलच्या गाण्यासाठी सरकारी यंत्रणेने जाहिरातींची मोहीम चालविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर वीसाची मर्यादा दहावर आणण्याचे ठरले. गाझातील संहारानंतरही इस्रायलला प्रवेश खुला राहिला, म्हणून त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्लोव्हेनिया या देशांच्या प्रसारण संस्थांनी २०२६ च्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. रशियाला २०२२ मध्ये ताबडतोब बाहेर काढणाऱ्या संघाला हा न्याय सर्वांना सारखा लावता आला नाही.

इतके सारे दोष असूनही त्या स्पर्धेत एक नियम आहे आणि त्याच नियमाने तिची अब्रू थोडीफार राखली आहे. कोणत्याही देशाला स्वतःच्या गाण्यास मत देता येत नाही. फ्रान्सच्या प्रेक्षकाला फ्रान्स सोडून इतर कोणाचे तरी गाणे ऐकावेच लागते. शेजाऱ्याला मत देण्याची ‘खोड’ ज्या नियमामुळे दिसून येते, तोच नियम माणसाला स्वतःच्या उंबरठ्याबाहेर पाहावयास लावतो. शेजारी हा स्वतःपलीकडच्या जगाची पहिली पायरी आहे. त्या पायरीवर थांबू नये हे खरे. परंतु त्या पायरीवर पाऊल ठेवण्यालाच गुन्हा ठरविणे हा शहाणपणा नव्हे.

उंबरठ्याच्या आतले मत

भारतात ही पद्धत आली तेव्हा नेमका हाच नियम बाहेर ठेवून आली. २००४ च्या अखेरीस ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाले आणि मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत विजयी झाला. गुणवान मुलगा होता. त्याच्या विजयाबद्दल कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. पण एसएमएसच्या या मतदानात प्रत्येक प्रांताने आपल्याच मुलाला मत द्यावे, आणि एकदा नव्हे तर खिशात पैसे असतील तितक्या वेळा द्यावे, अशी उघड व्यवस्था होती. निवेदकाने शहराचे नाव घ्यायचे, मुलाची आई रडताना दाखवायची, आणि लगेच पडद्यावर क्रमांक झळकायचा. मतदाराचा विवेक जागा होण्याआधी त्याचे बोट कळीवर पडले पाहिजे, हे त्यामागचे शास्त्र.

‘फेम गुरुकुल’ या २००५ मधील स्पर्धेत याच पद्धतीने अरिजीत सिंग नावाचा अठरा वर्षांचा मुलगा अंतिम फेरीपूर्वीच बाद झाला. पुढील दशकात साऱ्या देशाने त्याचेच गाणे ऐकले. जनतेला गाणे कळत नाही, असा यावरून निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. पण ज्या जनतेने त्याला डोक्यावर घेतले ती जनता आणि जिने त्याला बाद केले म्हणतात ती जनता या दोन नव्हेत. एका वेळी ती ऐकत होती आणि दुसऱ्या वेळी तिला खर्च करायला लावले जात होते, एवढाच फरक.

या खर्चाचा हिशेब एकदा सरकारी दप्तरात आला. तो गाण्याच्या स्पर्धेचा नव्हता. ‘कौन बनेगा करोडपती’ या खेळाच्या २००७ मधील पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या प्रश्नाचा होता. यंत्रणा मात्र तीच होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत होते. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले. म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये गोळा झाले, आणि बक्षिसांवर खर्च झाला १ कोटी ४ लाख. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनी यांना एक कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुरेसा पुरावा नसल्याचे सांगून तो आदेश रद्द केला, हेही नमूद केले पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा ठरला नाही. पण मजुराच्या आणि विद्यार्थ्याच्या खिशातून दोन-दोन रुपये उचलून केवढे डोंगर रचता येतात, हे त्या आकड्यांनी सांगून टाकले. कंपन्यांच्या दृष्टीने जनतेचा कौल म्हणजे हा ढीग.

दार्जिलिंगचा धडा

२००७ च्या ‘इंडियन आयडॉल’ने मात्र असा धडा दिला की डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तो अजूनही पुरता वाचलेला नाही. अंतिम फेरीत दोघे होते. प्रशांत तमांग हा दार्जिलिंगचा नेपाळीभाषक तरुण, कोलकाता पोलिसांत शिपाई. अमित पॉल हा शिलाँगचा बंगालीभाषक तरुण. दोघेही अशा डोंगरांतून आलेले, ज्यांची नावे देशाला पावसाळ्यात दरड कोसळल्यावरच आठवतात.

शिलाँगमध्ये काय घडले? ज्या गावाने १९७९ पासून खासी आणि बिगर-आदिवासी यांच्यातील दंगली अनेकदा पाहिल्या होत्या, त्या गावातील खासी माणसाने बंगाली घरातल्या मुलासाठी मते दिली. राज्य सरकारने त्याला शांततेचा आणि सलोख्याचा दूत म्हणून गौरविले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या मताचे हे उजळ रूप.

दार्जिलिंगमध्ये चहामळ्यांतील कामगारांनी वर्गण्या काढल्या. ठिकठिकाणी एसएमएस पाठविण्याची केंद्रे उघडली. सिक्कीम आणि आसाममधील नेपाळीभाषक या मोहिमेत उतरले आणि नेपाळातही उत्साह पसरला. प्रशांत जिंकला. त्यानंतर दिल्लीतील एका नभोवाणी निवेदकाने नेपाळीभाषकांना राखणदारीच्या कामावरून हिणवणारे उद्गार काढले आणि सप्टेंबर २००७ च्या अखेरीस सिलिगुडीत दंगल उसळली, संचारबंदी लागली, सैन्य बोलवावे लागले. चाहत्यांच्या मंडळांची मोहीम चालविणारे बिमल गुरुंग यांनी ७ ऑक्टोबर २००७ रोजी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. सुभाष घिशिंग यांची दोन दशकांची सत्ता काही महिन्यांत कोसळली. गोरखालँडची चळवळ पुन्हा पेटली.

त्या वेळी पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार तीस वर्षे सत्तेवर होते. चहामळ्यांत लाल बावट्याच्या कामगार संघटना होत्या. कामगार दोन रुपयांचा संदेश पाठविण्यासाठी आपली मजुरी का ओततो आहे, हा प्रश्न त्यांच्या एखाद्या सभेत गंभीरपणे विचारला गेला असता तर उत्तर मिळाले असते. त्याला गायक निवडायचा नव्हता. हा देश आपल्याला राखणदार म्हणूनच ओळखतो, माणूस म्हणून ओळखत नाही, ही त्याची जुनी जखम होती. ती बोलून दाखवायला त्याला पक्षाच्या कचेरीपेक्षा मोबाइल कंपनीचा क्रमांक जवळचा वाटला, ही गोष्ट कंपनीच्या चातुर्यापेक्षा पक्षाच्या बहिरेपणाविषयी अधिक सांगते. अस्मितेचा प्रश्न वर्गाच्या प्रश्नापुढे आपोआप विरघळतो अशा भ्रमात जे राहतात, त्यांच्या हातून आधी गाणे जाते आणि मग माणसे जातात.

‘रेशन, पाणी, कंत्राटी कामगार हे प्रश्न समोर असताना गाण्याच्या स्पर्धेचे काय घेऊन बसलात?’ असे विचारणाऱ्या कार्यकर्त्यांनी दार्जिलिंगकडे एकदा पाहावे.

महाराष्ट्राचे दोन चेहरे

महाराष्ट्रही या लाटेबाहेर नव्हता. ‘झी मराठी’वरील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने २००८-०९ मध्ये घराघरात ठाण मांडले. शेवटच्या पाच मुलांमध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरीचा प्रथमेश लघाटे होते. कार्तिकी विजयी झाली. लोणावळ्याजवळ कुरवंड्यास उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहू-आळंदीस जाते. त्या काठच्या भजनी परंपरेचा आवाज राज्याने डोक्यावर घेतला, याचा आनंद मावळालाही झाला आणि तो निखळ होता. पाचही मुले गुणी होती. पण त्या कोवळ्या मुलांच्या नावांपुढे जिल्ह्यांची नावे चिकटवून मते गोळा करण्याची जी यंत्रणा उभी राहिली, ती मुलांनी उभारलेली नव्हती. जिल्ह्याच्या अभिमानाची भाषा हां हां म्हणता प्रांताच्या, मग पोटजातीच्या भाषेत उतरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या गळ्यावर असे ओझे लादणाऱ्यांना संस्कृतीचे पालक म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

दुसरा चेहरा २०१२ मध्ये दिसला. ‘सुरक्षेत्र’ ही भारत आणि पाकिस्तान यांच्या गायकांमधील स्पर्धा दुबईत भरविण्यात आली. परीक्षक म्हणून भारताच्या आशा भोसले, पाकिस्तानच्या आबिदा परवीन आणि बांगलादेशच्या रूना लैला एका मंचावर बसल्या. एकेकाळच्या एका देशाचे तीन तुकडे, आणि तिन्हींच्या तीन थोर गायिका शेजारी शेजारी! महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मुंबईत या कार्यक्रमाला कडाडून विरोध केला आणि आशाताईंवर पैशासाठी गात असल्याची शेरेबाजी झाली. स्पर्धा तरीही झाली. शेवटी पाकिस्तानचा नबील शौकत अली विजयी ठरला. त्याने भारताचे काहीही बिघडले नाही.

या प्रसंगी दोन्ही बाजूंचे ढोंग उघडे पडते. वाहिनीला शेजाऱ्यांची मैत्री नको होती. तिला ‘भारत विरुद्ध पाकिस्तान’ हा क्रिकेटच्या मैदानावर खपणारा माल गाण्याच्या मंचावर विकायचा होता. आणि विरोधकांना देशाची चिंता नव्हती. त्यांना वैराचा धंदा दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. एकाने शेजाऱ्याला प्रतिस्पर्धी म्हणून विकले, दुसऱ्याने शत्रू म्हणून. शेजारी म्हणून त्याला कोणीच ऐकले नाही.

महाराष्ट्राच्या कानांना मात्र शेजारी ऐकण्याची जुनी सवय आहे. पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव ज्यांच्या नावाने भरतो, ते रामभाऊ कुंदगोळकर धारवाडकडचे. तो सुरू करणारे भीमसेन जोशी गदगचे. गंगूबाई हनगल हुबळी-धारवाडच्या, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. १९५६ पासून बेळगावच्या प्रश्नावर मराठी माणूस सत्याग्रह करीत होता, लाठ्या खात होता, तुरुंगात जात होता. आणि तोच मराठी माणूस रात्र रात्र जागून कानडी मुलखातल्या या गायकांना ऐकत होता. सीमेवरचा त्याचा हक्क त्याने सोडला नाही आणि शेजाऱ्याच्या गळ्यावरचे प्रेमही सोडले नाही. भीमसेनांच्या तोंडून अभंग ऐकताना ते कोणत्या राज्यातले, असा प्रश्न कोणाला पडला नाही. त्या मांडवात कधी मते मोजली गेली नाहीत, तरी इतका निःसंदिग्ध कौल दुसऱ्या कोणत्या स्पर्धेत मिळाला असेल?

तज्ज्ञांचा सोवळेपणा

या साऱ्यावर एक सोपा उपाय सुचविला जातो. सामान्य प्रेक्षकाचे मत काढून घ्यावे आणि निर्णय जाणकारांवर सोपवावा. युरोव्हिजनने २००९ मध्ये अंतिम फेरीत परीक्षकांना निम्मा वाटा परत दिला. पण २०२२ मध्ये सहा देशांच्या परीक्षक मंडळांनी एकमेकांना संगनमताने गुण दिल्याचे आढळून आले आणि त्यांचे निकाल बाजूला ठेवावे लागले. दोष मतदाराच्या अज्ञानात असता तर जाणकारांनी तो केला नसता. सोवळ्यात बसलेल्या माणसाचेही शेजारी असतात. फक्त त्याची मतपेटी बंद दाराआड असते.

अडाणी माणसाला मत देऊ नये, हे म्हणणे समाजवाद्यांना नवे नाही. सार्वत्रिक मताधिकार मागणाऱ्यांच्या तोंडावर हेच फेकले गेले होते. भारतीय जनतेने १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्याला उत्तर दिले. राज्यघटनेने प्रत्येक प्रौढ माणसाला एक मत दिले, मग तो टाटांच्या धरणाचा मालक असो वा त्या धरणाने उठविलेला शेतकरी. या ‘एक’ शब्दातच सारा मुद्दा आहे. ज्याच्याजवळ शंभर रुपये त्याची पन्नास मते आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचे एकही नाही, या पद्धतीला मतदान म्हणता येत नाही. ती बोली आहे, लिलाव आहे. आज काही स्पर्धांत ॲपवरून मत फुकट देता येते, म्हणून लिलाव संपला असे मानण्याचे कारण नाही. ग्राहकाचे पैसे घेण्याऐवजी ग्राहकच जाहिरातदाराला विकला जातो, इतकाच बदल झाला आहे.

आणि ज्याला एका रात्रीत पन्नास मते देण्याची सवय लागते, त्याला पाच वर्षांतून एकदा मिळणारे एक मत क्षुल्लक वाटू लागते. मत ही विकत घेण्याची आणि म्हणून विकण्याचीही वस्तू आहे, हे शिक्षण त्याला करमणुकीतून फुकट मिळालेले असते. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीवर पाकिटे वाटणाऱ्यांचे काम त्यामुळे किती सोपे होते, हे मावळातल्या कार्यकर्त्यांना सांगावे लागू नये.

घाटावरचे आणि घाटाखालचे

मावळाला शेजाऱ्यांच्या मतदानाचा अनुभव गाण्याबाहेरही आहे. २००९ पासून मावळ हा लोकसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. घाटावरचे मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखालचे कर्जत, पनवेल, उरण अशी त्याची रचना. दर निवडणुकीत ‘उमेदवार घाटावरचा की घाटाखालचा’ ही चर्चा रंगते. २००९ पासूनच्या चारही निवडणुकांत खासदार झाले ते पिंपरी-चिंचवडच्या बाजूचेच. उरणच्या प्रकल्पग्रस्ताचे आणि पवना धरणग्रस्ताचे दुःख एकच आहे, दोघांचीही जमीन दुसऱ्याच्या भरभराटीसाठी गेली, ही गोष्ट त्या चर्चेत बुडून जाते. आपल्या बाजूच्या माणसाला मत दिले की आपले काम झाले, ही समजूत गाण्याच्या पडद्यावर आणि निवडणुकीच्या सभेत एकाच शाळेत शिकविली जाते.

या मुलखाचा जुना संस्कार मात्र निराळा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे पाहावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ते पूर्ण झाले. त्यातील खांबांवर दात्यांची नावे आहेत: धेनुकाकटचे यवन, सोपाऱ्याचे भाविक, दूरदूरच्या गावांचे लोक. हे जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह आपण पूर्ण केले, असे ज्या भूतपाल श्रेष्ठीने तेथे कोरून ठेवले, तो वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. प्रत्येक खांबावर नाव वेगळे, छत मात्र एक. त्याच डोंगरावर एकवीरेच्या चैत्री यात्रेला घाटाखालचे कोळी आणि आगरी बांधव आपली गाणी घेऊन चढतात आणि मावळचा माणूस ती आपलीच मानून ऐकतो. जवळच भाज्याच्या लेण्यात ताल धरणारी एक स्त्री आणि त्या तालावर नाचणारी दुसरी स्त्री दोन हजार वर्षे दगडात उभ्या आहेत. कोण जिंकले, हे तेथे कोरलेले नाही.

गाण्याची खरी मालकीण कोण, हेही याच डोंगरपट्ट्याने दाखवून दिले आहे. मुळशी-मावळच्या भागात गरीब डोंगरी संघटनेचे काम करताना हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे हे काम राज्यभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या गाणाऱ्या बायकांना कोणी मत दिले नाही, कोणी हार घातला नाही. पहाटे एकीने ओवी म्हणावी आणि शेजारणीने तिच्यात दुसरी जोडावी, अशी ती शेजारधर्माची रचना होती. बाजाराला त्यात विकण्याजोगे काही सापडले नाही, म्हणून त्या इतकी वर्षे निर्मळ राहिल्या.

कार्यकर्त्यांचे काम

निषेधाचे ठराव करून दूरचित्रवाणी बंद पडणार नाही, आणि पडावी असेही नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्यासारख्या शाहिरांनी एकेकाळी गाणे चौकात आणले होते. ती चौकातली जागा समाजवादी चळवळीनेच रिकामी सोडली आणि रिकाम्या जागेत कंपनीचा पडदा उभा राहिला, ही कबुली आधी दिली पाहिजे.

ही जागा परत घेण्याचा आरंभ मावळातून करता येईल. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत, जत्रांत, गणेशोत्सवांत भजनाच्या आणि लोकगीतांच्या स्पर्धा होतच असतात. कार्यकर्त्यांनी त्यांत चार साध्या गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, कोणत्याही गावाने स्वतःच्या मंडळाला मत देऊ नये. दुसरी, श्रोत्यांचा कौल घ्यावा, पण एका माणसाला एकच चिठ्ठी मिळावी आणि तिला दाम नसावा. तिसरी, घाटाखालच्या मंडळींना बोलवावे, आणि तळेगावच्या कारखान्यांत राबणाऱ्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कंत्राटी कामगारांच्या गाण्यालाही मंच द्यावा. त्यांनाही चिठ्ठी द्यावी. चौथी, बक्षीस रोख रकमेचे नसावे. हरलेल्या मंडळालाही टाळ मिळावेत, पखवाजाची शाई-वादी नीट करून मिळावी आणि जात्यावर गाणाऱ्या म्हाताऱ्यांना मंचावर पहिली जागा असावी.

आंदर मावळातला श्रोता पवन मावळातल्या मंडळाच्या नावाने चिठ्ठी टाकील आणि कामशेतचा दुकानदार एखाद्या भोजपुरी बिरह्याला मत देईल, तेव्हा शेजाऱ्याचे मत या शब्दाला त्याचा मूळ अर्थ परत मिळेल. त्या दिवशी एकत्र बसून ऐकणारे लोक पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रश्नावरही एकत्र बसू शकतील. बऊरला सांडलेल्या रक्ताने मागितलेला कौल तोच आहे, आणि तो अजून कोणीही घेतलेला नाही.